गाडीतले गाणे कोणाचे?



मे महिन्यात आपल्या चर्चमधली बाके रिकामी दिसू लागतात. कोणी वसईला, कोणी नगरकडे गावी, कोणी गोव्याला. जुन्या गोव्याला जाऊन आलेल्या आपल्याच धर्मग्रामातील एका बाईंनी मिस्सानंतर मला काजूची पिशवी दिली आणि जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "फादर, पुण्यापासून आंबोलीपर्यंत गाडीत एकदाही भांडण झालं नाही. तरी मला रडू येत होतं." मुलाच्या कानात त्याचे रॅप, मुलीच्या कानात तिची गाणी, पुढे स्पीकरवर नवऱ्याच्या बातम्या. सासूबाई खिडकीबाहेर बघत बसलेल्या. "ज्याला जे हवं ते मिळालं होतं. मग चुकलं काय?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्ही एक हिशेब शिकलो होतो : कोणाचे नुकसान नाही, प्रत्येकाची इच्छा पूर्ण, मग तक्रारीला जागा कुठे? त्या हिशेबाने या गाडीत सारे ठीकच होते. सासूबाईंनी तर काही मागितलेही नव्हते.

पण हिशेबात एक गोष्ट सुटते. भाकरी चौघांत वाटली की प्रत्येकाला चतकोर येते. गाणे चौघांनी ऐकले तरी प्रत्येकाला अख्खेच मिळते. संत ऑगस्टीन यांनी 'सिटी ऑफ गॉड' या ग्रंथात चांगुलपणाविषयी असेच म्हटले आहे, की सोबत्यांबरोबर वाटून घेतल्याने तो घटत नाही. मग न घटणाऱ्या गोष्टीचे आपण तुकडे का करतो? गाडीत जागा अपुरी म्हणून नव्हे. दुसऱ्याचे गाणे सहन करण्याची तयारी अपुरी म्हणून.

1979 साली सोनी कंपनीने पहिला वॉकमन आणला, तेव्हा त्याला दोन हेडफोन जोडायची सोय होती. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. शेजारी माणूस असताना एकट्यानेच ऐकणे असभ्य दिसेल, असे कंपनीच्या अकिओ मोरिता यांना वाटले होते. पुढे ते बटण गेले. ते कोणाला फारसे आठवतही नाही.

आपल्या पुण्यात 1955 साली आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, वर्षभरात 56 गीते. रेडिओ तेव्हा घरोघरी नव्हता. शेजाऱ्याचा रेडिओ म्हणजे साऱ्या आळीचा. आवडते गीत पुन्हा लावता येत नसे, नावडते पुढे ढकलता येत नसे.

आता कोणी म्हणेल, फादर जुन्या काळाचे गोडवे गात आहेत. तसे नाही. माझे वडील गावाकडे जाताना भाड्याच्या ट्रॅक्समध्ये एकच कॅसेट उलटसुलट करून श्रीरामपूरपर्यंत वाजवत. आम्ही भावंडे ती ऐकत नव्हतो, सोसत होतो. त्या गाडीत गाणे एक होते, पण आम्हीही एकत्र नव्हतोच. आम्हाला त्यात काय खटकते हे वडिलांनी विचारले नाही, आणि त्यांना त्यात काय सापडते हे आम्हीही विचारले नाही. ते आता विचारता येत नाही. म्हणून मुलांचे फोन पिशवीत कोंबून सर्वांना जबरदस्तीने एकच भजन ऐकवावे, या मताचा मी नाही. आणि घाटात मळमळणारे पोर डोळे मिटून कानात काही घालून पडले असेल, तर त्याला पडू द्यावे हे उत्तम!

त्या बाईंची हकिकत मात्र आंबोलीत संपली नव्हती. परतीच्या प्रवासात घाटात रेंज गेली आणि मुलाचे गाणे मध्येच थांबले. गाडीतल्या शांततेत सासूबाईंनी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ट्रकमधून जाताना म्हणायचे एक भजन सुरू केले. दोन कडवी झाल्यावर पुढचे आठवेना. नातवाने कानातले काढून विचारले, "पुढे काय?" रेंज आल्यावर त्यांनी त्याला त्याचे रॅप स्पीकरवर लावायला सांगितले. "इतका घाईघाईने काय बोलतोय रे तो?" आजरा येईपर्यंत तो थांबवून थांबवून एकेक ओळ त्यांना समजावत होता.

"आवडलं का त्यांना?" मी विचारले.

"छे! पण चहाला थांबलो तेव्हा विचारत होत्या, त्या पोराला आई आहे का म्हणून."