एकास एक

अलिबागच्या इस्राएल आळीत 87 वर्षांची एक म्हातारी राहते. आळीला नाव इस्राएलांचं, पण बेने इस्राएल ज्यूंची घरं आता मोजकीच उरली आहेत. 1948 साली इस्रायल देश झाला तेव्हा भारतात या समाजाची माणसं 20,000च्या आसपास होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी तिकडचा रस्ता धरला. म्हातारीची धाकटी बहीणही गेली, नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावी. थोरली मागे राहिली, कारण आईबाबांजवळ कुणीतरी राहायला हवं होतं.

त्या धाकटीचा नातू यंदा थंडीत मांडव्याच्या बोटीने अलिबागला आला. सक्तीची लष्करी नोकरी संपली की तिकडची मुलं पाठीवर पिशवी टाकून महिनोन्महिने भटकतात. हा हिमाचलात राहिला, गोव्यात राहिला, आणि परत जाण्याआधी त्याला आठवलं की आपली मुळंही याच देशात आहेत. मोबाईलमध्ये त्याने वंशवृक्ष मांडला होता. वडिलांचं घराणं मोरोक्कोकडचं, त्या बाजूच्या फांद्या भरगच्च. आईची बाजू मात्र दिमोनातल्या आजीपाशी येऊन खुंटलेली.

पहिल्याच दिवशी तो रिक्षा करून नवगावला जाऊन आला. फार पूर्वी तिथल्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं तिथेच दोन ठिकाणी पुरली, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. पोराने स्मारकाचे भरपूर फोटो काढले आणि संध्याकाळी म्हातारीपुढे येऊन बसला. मधे दुभाषी म्हणून शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी. तिने त्याला 'मावशीआजी' म्हणायला शिकवलं, आणि त्याला ते दोनतीनदा घोकूनही घ्यायला लावलं.

"त्या चौदांतला आपला कोण, ते मला ठाऊक नाही, आधीच सांगून ठेवते," म्हातारी म्हणाली. "दुसरं काय ते विचार."

"तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"सांगते. पण आधी तू सांग, धाकटी सकाळी काय खाते?"

पोरगा गप्प. दिमोनातलं आजीचं घर त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिच्याकडे तो कितीदा जेवला असेल, पण ती स्वतः काय खाते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मग मलाही आजोबांचं नाव आठवत नाही," म्हातारी म्हणाली. शेजारची मुलगी हसू दाबत त्याला म्हणाली, "त्या सौदा करतायत. एक मेलेला माणूस हवा असेल तर जित्या माणसाची एक बातमी आण. एकास एक."

म्हातारीचीही अडचण होती. दोघी बहिणी कानाने अधू. फोन लागला तरी दोन्हीकडून "हॅलो, हॅलो" यापलीकडे गाडी जात नसे. पत्रं कधीच थांबली होती. धाकटीचा हात कापू लागला होता आणि तिच्या मुलांना मराठी लिहिता येत नव्हतं. जे कुणी तिकडून येत ते "सगळं मजेत" एवढंच सांगून, सिनेगॉगचे फोटो काढून निघून जात.

त्या रात्री पोराने पडवीत बसून आईला फोन लावला. आई म्हणाली, "आजी? बरी आहे." हे उत्तर फार सोयीचं असतं, त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. पण पोराला आजोबांचं नाव हवं होतं, म्हणून त्याने आजीलाच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तो नाश्त्याच्याही आधी हजर. "बिनदुधाचा चहा, आणि त्यात आदल्या दिवशीचा पाव बुडवून. दात दुखतात."

"दुधाशिवाय चहा कधीपासून प्यायला लागली?" म्हातारी स्वतःशीच पुटपुटली. मग तिने सौदा पाळला. आजोबांचं नाव हसाजी. तिळाचा आणि खोबऱ्याचा घाणा त्यांचा. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचे ते शनिवारी दिवस मावळेपर्यंत घाण्याला जुंपायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी तेल मिळायचं नाही. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. नमाजाची, म्हणजे प्रार्थनेची, पुस्तकं घरात नव्हती, 'शेमा' तेवढी तोंडपाठ. पण शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन बंद. म्हातारी तासभर बोलत होती. पोरगा वंशवृक्षात 'हसाजी' टाकून मोकळा झाला होता, पण उठला नाही.

नंतरच्या सौद्यात गुडघ्याच्या बदल्यात पणजोबा मिळाले. धाकटीचा डावा गुडघा वाकत नाही, जिन्यावर ती एकेक पायरी बसून चढते. पणजोबांचं नाव मुसाजी.

मग म्हातारीने विचारलं, "रात्री तिने हाक मारली तर ऐकायला कोण आहे?"

हा प्रश्न पोराने आजीला विचारला तेव्हा पलीकडे बराच वेळ टीव्हीचाच आवाज येत राहिला. मग आजी हळूच म्हणाली, मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली होती. कुणाला ऐकू गेलं नाही. सकाळ होईपर्यंत फरशीवरच होती. मुलीने कपाळावरचं काळंनिळं पाहून विचारलं तेव्हा कपाटाचं दार लागलं असं सांगितलं. "का?" त्याने विचारलं. "तुम्ही सगळे कामात असता," आजी म्हणाली. "आणि तू तर फिरायला निघाला होतास."

त्याने हे मावशीआजीला सांगितलं. सांगताना तो मोबाईलकडे पाहत नव्हता. आज कुठल्या पूर्वजाचं नाव मिळणार, हेही त्याने विचारलं नाही. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि नावाऐवजी एक गोष्ट सांगितली.

धाकटीचं लग्न दिमोनात 1962 साली ठरलं. पण इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने नुकताच हुकूम काढला होता: बेने इस्राएल माणसाचं लग्न समाजाबाहेर व्हायचं असेल तर आधी त्याच्या आईची, आईच्या आईची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करा. नवरा मुलगा दुसऱ्या देशातून आलेला ज्यू. धाकटीचं पत्र आलं, रडून लिहिलेलं. आज्यांची, पणज्यांची नावं पाठवा. आपण खऱ्या ज्यू आहोत हे दाखवायचं आहे. हे अपमान अनेकांच्या वाट्याला आले. लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, उपोषणं केली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यूच आहेत असं स्पष्ट म्हटलं. त्या वर्षी आळीत गूळ वाटला होता, एवढं म्हातारीला पक्कं आठवत होतं.

"मग तुम्ही नावं पाठवलीत?"

"पाठवली. बाबांना विचारलं, आईला विचारलं, नागावच्या आत्याकडे चालत गेले. तरी दोन कमी पडली. बायकांची नावं कोण लक्षात ठेवतं? ती दोन मी माझ्या मनाने घातली."

पोरगा चमकला. "कुठली दोन?"

"ते आता मलाही सांगता यायचं नाही. धाकटीचं लग्न लागायला हवं होतं, बाबा. वर गेलेल्यांना काय फरक पडतो?"

शेजारच्या मुलीने हे भाषांतर करताना एकदा त्याच्याकडे, एकदा मोबाईलकडे पाहिलं. दिमोनातल्या कुठल्याशा दप्तरात ती नावं असतील, आणि पोरगा परत गेल्यावर तीच शोधून वृक्षात भरणार होता. पण त्यातली दोन खोटी आहेत हे त्याला मावशीआजीशिवाय कोण सांगणार होतं?

त्यानंतर फोन वाढले. आईला, मामाला, दिमोनातल्या एका मित्राला. म्हातारीला हिब्रू कळत नव्हती, पण पोरगा भांडतोय एवढं कळत होतं.

तो निघायच्या आदल्या दिवशी म्हातारीने मलिदा केला. धाकटी पडली आणि हाड मोडलं नाही, याबद्दल प्रेषित एलियाहू हन्नाबीचे आभार मानायचे राहून गेले होते. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आळीतली आणि आसपासची चार माणसं जमली. पोराने मोबाईल ताटापुढे उभा केला, आवाज पूर्ण मोठा केला, आणि दोघी बहिणींनी किती वर्षांनी एकमेकींची तोंडं पाहिली.

पहिलं वाक्य धाकटीचं. "गूळ कशाला घातलास? आई साखर घालायची."

"आई साखर घालायची? साखर होती कुठे घरात?"

मग गुळावरून आईवर, आईवरून घाण्यावर आणि घाण्यावरून आजोबांवर गाडी गेली. धाकटी म्हणाली, हसाजींचे वडील मुसाजी नव्हेतच, समाजी. मुसाजी तर त्यांचे चुलते. थोरली म्हणाली, तुला काय ठाऊक, तू तेव्हा रांगत होतीस. जमलेली माणसं हसत होती. शेजारची मुलगी पोराच्या कानाशी लागली. "आता काय लिहायचं? मुसाजी की समाजी?"

"ते राहू दे," तो म्हणाला, आणि ताटावरून वाकून त्याने मोबाईलमध्ये तोंड घालून आजीला हिब्रूत काहीतरी विचारलं. आजी भांडणाच्या भरात होती. तिने उत्तर मराठीतच दिलं आणि ते त्याला मुलीने सांगितलं.

"न्हाणीघरात धरायला दांडा बसवला म्हणतायत. पण फार वर बसवलाय. हात पोचत नाही."

"मग खाली घ्यायला सांग," थोरली म्हणाली. "आत्ता फोन लाव. मलिदा नंतर खा."