सब्र, मौन आणि सोबतीची चार पावले

पुरुषाने आपले दुःख दुसऱ्या माणसाजवळ बोलून दाखवले, तर त्याच्या सब्रला बाधा येते का? प्रिय वाचकहो, हा प्रश्न मशिदीत कोणी या शब्दांत विचारत नाही. परंतु आपल्यातील कितीतरी पुरुष त्याचे उत्तर ‘होय’ असेच गृहीत धरून जगतात. पडून गुडघा फोडून घेतलेल्या पाच वर्षांच्या मुलाला आपल्या घरांत प्रेमानेच सांगितले जाते, ‘मर्द होके रोता क्या?’ मुलगा रडणे थांबवतो. पुढे तोच मुलगा चाळिशीत कर्जाने, बेकारीने किंवा कसल्याशा अनाम उदासीने खचतो, तेव्हाही तो गप्प राहतो आणि आपल्या गप्प राहण्याला सब्र हे पवित्र नाव देतो.

सोलापुरात या मौनाला आणखी एक पदर आहे. चादरी आणि टॉवेलच्या या शहरात यंत्रमागावर तासन् तास उभ्या राहणाऱ्या कामगाराची बोलण्याची सवयच मोडते, कारण त्या खडखडाटात शेजारच्याशीसुद्धा खुणेने बोलावे लागते. मंदी आली, माग थांबले, की तो घरी बसतो आणि अनेक घरांत चूल पत्नीच्या विड्यांवर पेटते. अशा वेळी ‘कव्वाम’ हा शब्द त्याच्या छातीवर दगडासारखा बसतो. सूरह निसामध्ये पुरुषासाठी आलेला हा शब्द कुटुंबाचा भार पेलणारा, त्याची काळजी वाहणारा असा आहे. परंतु काळजी वाहणाऱ्याला स्वतःला कधी काळजीची गरज पडू नये, असे त्या शब्दात कोठे आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांनी आपले जीवन संपवले. त्यांत दहांपैकी सात पुरुष होते, चौथ्या हिश्शाहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे होते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती.

आता पवित्र कुरआनकडे वळू. ‘सब्रे जमील’, म्हणजे सुंदर धैर्य, हे शब्द सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांच्या मुखी येतात, एकदा नव्हे, दोनदा. त्याच सूरहमध्ये हेही आहे की, पुत्रविरहाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले. सब्रचा उच्चार करणारा आणि रडून दृष्टी गमावणारा पुरुष एकच आहे, आणि तो अल्लाहचा पैगंबर आहे. यावर कोणी म्हणेल की, त्यांनी आपली व्यथा केवळ अल्लाहपुढे मांडली, माणसांपुढे नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु पुढचीच आयत पाहा. अल्लाहपुढे दुःख मांडल्यावर ते मुलांना सांगतात की, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. म्हणजे दुआनंतर उठून बाहेर पडणे आहे, माणसांची मदत घेणे आहे.

अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करणे आणि आपला हाल सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपले डोके दुखत असल्याचे हजरत आयशा (रजि.) यांना सांगितले, हे बुखारी शरीफमध्ये नोंदलेले आहे. पुत्र इब्राहीमच्या अखेरच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले, आणि प्रेषितांनी त्या अश्रूंना रहमत म्हटले. हजरत अनस (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) वारंवार एक दुआ मागत. तीत चिंता आणि शोक यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे, आणि त्याच दुआमध्ये पुढे कर्जाच्या ओझ्यापासूनही. कर्जबाजारी झालेल्या माणसाला आपण ईमानाने दुर्बल म्हणत नाही. मग शोकाने वाकलेल्याला का म्हणावे?

आपल्या विद्वानांना हे ठाऊक होते. अबू जैद अल-बल्खी यांनी, ज्यांचे निधन इ. स. ९३४ मध्ये झाले, शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले, आणि ज्या उदासीला कारण सापडते ती व ज्या उदासीला कारण सापडत नाही ती, यांत भेद केला. मनाचा आजार हा आजार आहे असे एकदा मान्य केले, की एक जबाबदारी आपोआप आपल्या अंगावर येते. रुग्णाची विचारपूस, म्हणजे इयादत, हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. परंतु तापाने फणफणलेल्याकडे आपण मोसंबी घेऊन जातो, आणि उदास माणसाकडे कोणीच जात नाही. तो अंथरुणावर नसतो ना! तो सफमध्ये आपल्या शेजारी उभा असतो.

हजरत सलमान फारसी (रजि.) आपले बंधू अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा घरातील अवकळा त्यांच्या नजरेस पडली. अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत बुडालेले, संसाराकडे पाठ फिरवलेले होते. सलमान (रजि.) यांनी लांबलचक उपदेश केला नाही. त्यांच्याबरोबर जेवले, त्यांना झोपायला लावले, रात्रीच्या अखेरच्या प्रहरी बरोबर नमाज पढले, आणि मग सांगितले की, तुमच्या पालनकर्त्याप्रमाणे तुमच्या स्वतःचाही आणि कुटुंबाचाही तुमच्यावर हक्क आहे. प्रेषितांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. ‘नमाज पढा, सगळे ठीक होईल’ एवढेच सांगून मोकळे होणाऱ्या आम्हा इमामांनी ही हदीस पुन्हा वाचावी. नमाज सोडू नका, हे तर आहेच. पण इथे माणूस नमाजच पढत होता, आणि त्याला एका भावाची गरज होती.

ही गरज भागवण्याचा एक साधा मार्ग अलीकडे मानसोपचाराच्या क्षेत्रात रूढ होत आहे. समुपदेशक बंद खोलीत समोरासमोर बसण्याऐवजी मोकळ्या हवेत चालता चालता बोलतात. काही देशांत पुरुषांचे गट आठवड्यातून एकदा केवळ त्यासाठी एकत्र चालतात. समोर बसलेल्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे अनेक पुरुषांना चौकशीसारखे वाटते. बरोबरीने चालताना नजर रस्त्यावर असते, मध्येच गप्प राहिले तरी ते खटकत नाही. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना एका लहान प्रयोगात असे आढळले की, निसर्गात दीड तास चाललेल्यांच्या मनातील तेच ते दुःखद विचार घोळण्याचे प्रमाण घटले. वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसे घडले नाही.

बुखारी-मुस्लिममध्ये आहे की, प्रेषित (स.) दर शनिवारी, कधी पायी तर कधी स्वारीवर, कुबाच्या मशिदीत जात. कुबा मदीनेच्या मशिदीपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. ती फेरी मनाच्या उपचारासाठी होती असा दावा मी करणार नाही. सुन्नतला आजच्या विचारांचा अंगरखा चढवणे मला पटत नाही. परंतु मशिदीकडे चालताना प्रत्येक पावलाची नोंद होते, ही शिकवण असलेल्या उम्मतने दोनशे मीटरवरील मशिदीत दुचाकीवरून यावे, याचे नवल वाटते. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरला दरवर्षी आषाढीत लाखो शेजारी पायी येतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. पण दिवसेंदिवस खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या माणसांत बोलणे कसे सहज होते, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

सोलापूरचा उन्हाळा पाहता फजरनंतरची वेळच योग्य. सिद्धेश्वर तलावाचा काठ आहे, किल्ल्यालगतची हुतात्मा बाग आहे, विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव आहे. रविवारी हिप्परग्यापर्यंत जाता येईल. नमाजनंतर दोघे-तिघे मिळून निघावे. कोणालाही ‘तुम्हाला उदासी आहे का?’ असे विचारायचे नाही. ‘चला, जरा पाय मोकळे करू’ एवढे पुरे. असे केले, म्हणजे इयादत होते आणि कोणाला रुग्ण म्हणवून घ्यावे लागत नाही.

मात्र जो ऐकतो त्याच्यावर ओझे येते. एखाद्याने बोलताना इकडेतिकडे पाहिले, तर ते बोलणे अमानत ठरते, अशी हदीस आहे. चालताना तर माणूस वळून मागे पाहतोच! तलावावर ऐकलेले चहाच्या टपरीवर सांगितले, तर तो माणूस पुन्हा कधी बोलणार नाही. आणि त्याच्या दुःखाचे मूळ जर थकलेले कर्ज निघाले, तर चालण्याने ते फिटणार नाही. अडचणीतल्या ऋणकोला मुदत द्या, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे, आणि कधी कधी देणेकरी आपल्याच जमातीत, आपल्याच सफमध्ये असतो आणि धनकोही. तेथे मध्यस्थी करावी लागेल.

महिनोन्महिने झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या माणसाला चालणे पुरत नाही, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. औषध घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उपचार करा, ही प्रेषितांची आज्ञा आहे. तो मरणाच्या गोष्टी बोलू लागला, तर तेथे अमानतचे बंधन उरत नाही. त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा, त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते आणि मराठीत बोलता येते. क्रमांक त्याच्या हाती देऊन निघून जाऊ नका. फोन लावून होईपर्यंत शेजारी बसा.