मानेवरचा ओरखडा

आरे कॉलनीत पहाटे चालायला येणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र गेल्या पावसाळ्यात मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढलं. साखळी तुटली, मानेवर ओरखडा उठला. काकू अजूनही फिरायला येतात, पण मागून गाडीचा आवाज आला की त्यांचा हात गळ्याशी जातो.

चोरी कुठे संपते आणि जबरी चोरी कुठे सुरू होते? १८६० च्या भारतीय दंड संहितेनं ती सीमा मालाच्या किमतीवरून आखली नाही. चोरी साधण्यासाठी किंवा माल पळवताना कुणाला इजा केली, अडवलं, किंवा तिथल्या तिथे इजा होईल अशी भीती घातली, की ती जबरी चोरी. मग हाती शंभर रुपये लागोत की लाख. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, जबरी चोरीला दहा. हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडली तर चौदा. एकट्या वाटसरूला अंधारात हाक मारायलाही कुणी नसतं, हे त्या कायद्याला कळलं होतं. चेकनाका मागे टाकून झाडीत शिरलेला आरेचा रस्ता रात्री पाहिला की ते आपल्यालाही कळतं.

त्याच संहितेत दुसरीही एक भीती आहे, ती राज्यकर्त्यांची. लुटणारे पाच किंवा अधिक झाले की गुन्ह्याचं नाव दरोडा आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दरोड्यात एकाने खून केला तरी फाशीची टांगती तलवार सगळ्यांवर. एरवी कायदा नुसत्या तयारीला सहसा हात लावत नाही. इथे मात्र तयारीही गुन्हा आणि त्यासाठी जमणंही गुन्हा. ठग आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त करणाऱ्या कंपनी सरकारच्या काळातून हा विचार आला. पुढे तो माणसांच्या टोळीवरून जातीपर्यंत घसरला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारध्यांसारख्या जमातींची मुलं जन्मतःच संशयित ठरली. १९५२ मध्ये तो रद्द झाला. पण ‘दरोड्याच्या तयारीत पाच जण अटकेत’ ही बातमी वाचताना मी आजही थांबतो. त्या पाचांनी काय केलं होतं, हे विचारलंच पाहिजे.

लुटल्या गेलेल्या माणसाच्या भीतीकडे न्यायालयांनी अधिक बारकाईनं पाहिलं. प्राणघातक शस्त्र वापरून लूट केली तर किमान सात वर्षं. पण वापरलं म्हणजे वार केलाच पाहिजे का? फूलकुमार खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, समोरच्याला धाक बसेल असं शस्त्र दाखवलं तरी पुरे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जबरी चोरी आणि दरोड्याच्या व्याख्या जवळपास तशाच राहिल्या. नवं आलं ते हिसकावून नेण्याचं स्वतंत्र कलम, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे साध्या चोरीइतकीच. गुन्ह्याला नाव मिळालं हे बरं, पण या सोप्या कलमात जबरी चोरी बसवून टाकली जाईल, ही माझी धास्ती आहे. ओरखडा सोनं ओढण्यासाठी केला की साखळी तुटताना आपसूक उठला, यावर वकील भांडतील. त्यासाठी तो आधी कागदावर तरी यायला हवा.

काकूंच्या तक्रारीत तोळे, वाट्या, पावतीची तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर त्यांनी पदर बाजूला करून मान पुढे केली आणि म्हणाल्या, “साहेब, हे राहिलं. हे पण लिहा.”