गोष्ट सांगताना आपण कुणाला काय म्हणतो?

॥ श्री गुरवे नमः ॥



या गुरुवारी आपण गीतेचा पहिला अध्याय वाचायला घेतला. पुष्कळांना हा अध्याय म्हणजे नुसती योद्ध्यांच्या नावांची यादी वाटते. कधी एकदा दुसरा अध्याय येतोय, असं होतं. पण या वेळी आपण एवढंच बघू या, की यात कोण कुणाला काय म्हणतंय.

धृतराष्ट्र संजयाला विचारतो, रणांगणावर काय झालं? विचारताना स्वतःच्या मुलांना तो 'माझे' म्हणतो आणि धाकट्या भावाच्या मुलांना 'पंडूचे'. बाप गेल्यावर ही पोरं याच काकाच्या घरात वाढली. तरी 'आमची मुलं' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. पहिला बाण सुटायच्या आधीच त्या शब्दांत वाटणी होऊन गेली.

मग दुर्योधन द्रोणाचार्यांना समोरचं सैन्य दाखवतो. व्यूह रचला होता धृष्टद्युम्नाने. दुर्योधन त्याचं नाव घेत नाही. द्रुपदाचा मुलगा, तुमचाच बुद्धिमान शिष्य, असं म्हणतो. द्रुपद म्हणजे द्रोणांचा जुना वैरी. धृष्टद्युम्न तर द्रोणांच्या वधासाठीच जन्मलेला, आणि त्याला विद्या दिली ती द्रोणांनीच! दुर्योधनाच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नाही, पण प्रत्येक शब्द आचार्यांच्या वर्मी बसावा असा निवडलेला. खरं बोलूनही माणसाला कसं टोचता येतं, ते इथे दिसतं. आपल्यालाही ही कला चांगली येते. पोराला चांगले मार्क पडले की 'माझा मुलगा', आणि काच फोडली की 'तुमचे चिरंजीव'!

पुढे रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहतो आणि भगवंत गीतेतलं आपलं पहिलं वाक्य बोलतात. इतकं छोटं, की वाचताना निसटून जातं. इथे जमलेल्या कुरूंना बघ, असं ते अर्जुनाला सांगतात. पांडवही कुरुवंशाचेच. दोन्ही बाजूंना मिळून एकच नाव! आणि मग अर्जुनाला काय दिसतं? आजोबा, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं. एका शब्दाने त्याला नाती दिसू लागली.

आमच्यातल्याच बडोद्याच्या एका घरी वडिलोपार्जित घरावरून दोन भावांचं बिनसलं. धाकट्याचं नाव घरात कुणी घेईना. तो 'इंदूरवाले' झाला. इंदूरवाल्यांनी सही केली नाही, इंदूरवाल्यांचा फोन आला होता, असं. एकदा सात वर्षांच्या नातवाने जुना अल्बम काढला.

"आजी, हे बाबांसारखे दिसणारे कोण?"

"ते होय? ते इंदूरवाले."

"मग ते आपले कोण?"

आजी गप्प झाल्या. सत्संगात हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या पोटचं पोर ते. घरात सगळे म्हणतात म्हणून मीही तसंच म्हणायला लागले, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

त्या रात्री त्यांनी नातवाला गोष्ट सांगितली. एकाच सायकलवर डबल सीट शाळेत जाणाऱ्या दोन भावांची. 'तुझे बाबा आणि तुझे काका' असं म्हणून सांगितली. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण त्या पोराला काका मिळाला.

कुणी म्हणेल, मग आपल्यावर झालेला अन्याय विसरायचा का? तसं नाही. भगवंतांनी दोघांना एका नावाने दाखवलं आणि त्याच अर्जुनाला पुढे लढायलाही सांगितलं. हक्काचं जे आहे ते मागावं, चुकीला चूकच म्हणावं. पण नातं आपल्या जिभेने तोडू नये. मोठ्यांची भांडणं मिटतातही एक दिवस. मुलांच्या कानावर मात्र जे नाव पडतं, तेच नातं म्हणून त्यांच्या मनात राहतं.

*या आठवड्याचा नेम:* ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे, त्यांचा विषय निघाला की त्यांना नात्यानेच संबोधायचं. काका, आत्या, वहिनी, भाऊजी, जे असेल ते. समोरची व्यक्ती ऐकत नसली तरी. पहिल्या दिवशी जीभ अडखळेल. अडखळू द्यावी. आपण किती लांब आलो होतो, ते तेव्हाच कळतं.

जय गुरुदेव 🙏