मुलीचे वचन आणि आईबापांचे भय

दसऱ्याच्या सुमारास आष्टी तालुक्यातील एका वस्तीवर प्रार्थनेकरिता गेलो होतो. सभा संपून मंडळी पांगली, तरी एक नवराबायको मागे थांबली. बाप बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटी म्हणाला, "पाळकसाहेब, पोरगी हातची चालली. तुम्ही तिला चार शब्द सांगा."

मुलगी नववीत, वय पंधरा. शाळेतील गाइडांच्या पथकात ती दोन वर्षे जात आहे. गणवेश घालते, गळ्यास स्कार्फ बांधते, आणि आता तीन रात्रींच्या शिबिरास जावयाचे म्हणते. पण एवढ्यासाठी ती दोघे माझ्याकडे आली नसती. खरे दुखणे निराळे होते. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणे भाग. पोरीस आजीपाशी ठेवावे तर जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून एक स्थळ पाहिले. पाहुणे येण्यापूर्वी आत्याने मुलीस बजावले की, वय विचारले तर अठरा सांग. मुलीने सर्वांदेखत पंधरा सांगितले. पाहुणे चहाही न घेता उठले. घरात बोलणी बसली तेव्हा ती इतकेच म्हणाली, "मी वचन दिलंय, खोटं बोलणार नाही."

आईने मला विचारले, "पाळकसाहेब, तिथं हेच शिकवतात का?"

होय, हेच शिकवितात. गाइडांच्या नियमांत पहिला नियमच असा आहे की, गाइडच्या शब्दावर विश्वास ठेवता यावा.

ही चळवळ कोठून आली, हे पुष्कळ आईबापांस ठाऊक नसते, आणि जे ठाऊक नाही त्याचे भय वाटते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांच्या स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलाविल्याशिवाय तेथे येऊन उभ्या राहिल्या व आम्हांसही घ्या म्हणाल्या. मुली दांडग्या होतील, घरकामास निकामी होतील, अशी ओरड त्या देशातही झालीच. पुढील वर्षी बेडन पॉवेल साहेबांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्या हाती मुलींची निराळी संघटना दिली. गाइड म्हणजे वाटाड्या. हे नाव आपल्याच भूमीवरून, वायव्य सरहद्दीवरील गाइड पलटणीवरून घेतलेले आहे. आपल्या देशातील पहिले पथक १९११ साली जबलपुरास निघाले. आरंभी ते युरोपियनांपुरतेच होते. हिंदी मुलींस १९१६ पासून प्रवेश मिळाला. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली व पुढील वर्षी गर्ल गाइड्स तीत मिळाल्या. जगभरच्या गाइडांचे एक घर, 'संगम' नावाचे, १९६६ पासून आपल्या पुण्यास आहे. तेव्हा हे कोणा बाईंनी शाळेत उगाच काढलेले खूळ नव्हे. सहासात मुलींची तुकडी, तीत एक नायिका. रोज एक तरी सत्कृत्य, तेही न सांगता. चूल पेटविणे, तंबू ठोकणे, जखमेवरच्या पट्टीची गाठ अशी मारणे की ती सपाट बसावी व टोचू नये. आपल्या घरातील मुलगी पाण्याचे दोन हंडे आणते, भाकऱ्या थापते, धाकट्यांस सांभाळते. कष्ट तिला नवे नाहीत. नवे हे की, तिच्या शब्दास कोणी किंमत देते.

एक शंका आपल्या मंडळीत वारंवार निघते. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते; आपल्या मुलीने तेथे उभे राहावे काय? वचनात ईश्वराविषयीचे कर्तव्य पहिले आहे, आणि ज्यास पाहिजे त्याने 'ईश्वर' ह्या शब्दाऐवजी 'धर्म' म्हणावे अशी मोकळीक आहे. कोणाचा धर्म सोडविणे हा त्या संस्थेचा हेतू नाही. आपली मुलगी दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी शांत उभी राहिली व आपल्या वेळी उघडपणे आपल्या प्रभूचे नाव घेऊ शकली, तर मला त्यात हानी दिसत नाही. जिला घरात प्रार्थना शिकविलीच नाही, तिचे मात्र तेथे अडेल, आणि तो दोष शिबिराचा नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाप म्हणाला, "आईबापाचा मान राखावा ही देवाची आज्ञा ना?" आहे. परंतु ज्या डोंगरावर ती आज्ञा मिळाली, त्याच डोंगरावर खोट्या साक्षीविषयीचीही मिळाली. आईबाप जेव्हा लेकरास लबाडी सांगावयास लावतात, तेव्हा एक आज्ञा पाळण्यासाठी दुसरी मोडावयास लावतात. शिवाय जी मुलगी तुमच्या सांगण्यावरून पाहुण्यांशी खोटे बोलेल, ती उद्या दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून तुमच्याशी खोटे बोलणार नाही, हे कशावरून? दाराला कडी लावून जी आज्ञा पाळवून घेतली, ती कडीपुरतीच टिकते. आणि आपल्या जिल्ह्यात तर कडी लावणारेच अर्धे वर्ष घरी नसतात.

आईबापांचे भय खोटे आहे असे मी म्हणत नाही. फडावर तरुण मुलीस नेणे काय असते व गावी एकटी ठेवणे काय असते, हे ज्यांनी भोगले तेच जाणतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल कोयत्यावर मिळते. मग लग्न म्हणजे संरक्षणही आणि मिळकतही, असा हिशेब घरोघर होतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात मुली ८०७ होत्या. अशा ठिकाणी ज्यांनी मुलीस जन्मू दिले, वाढविले, नववीपर्यंत शिकविले, त्या आईबापांस मी कठोर शब्द बोलणार नाही. कायदा अठरा वर्षे म्हणतो हे त्यांस माहीत होते. म्हणून तर अठरा सांग म्हटले.

आणि कठोर बोलण्याचा मला अधिकारही नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी मी मागणीस बसलो होतो. मुलीचा चेहरा पाहून माझ्या मनात आले की ही अठराची नव्हे. शाळेचा दाखला मागावा असे ओठांवर आले होते. जेवणाची पाने मांडलेली, पाहुणे बसलेले. मी गप्प राहिलो आणि प्रार्थना केली. तेथे त्या मुलीस कोणी वय विचारलेच नाही. ह्या मुलीस विचारले, आणि तिने सांगितले. मी पाळक असून जे करू शकलो नाही ते तिने केले. तिला मी कोणते चार शब्द सांगणार?

त्या दोघांस मी बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आठवून दिली. आईबाप तीन दिवस शोधीत फिरले, आणि सापडल्यावर तो जे बोलला ते त्यांस समजले नाही. आई त्याला बोलली. त्याबद्दल शास्त्र तिला दोष देत नाही. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. आई ऐकत होती. ती म्हणाली, "ही पण सगळं ऐकते. तेवढं एकच ऐकलं नाही."

शिबिराविषयी मी त्यांस सांगितले की, हो म्हणण्याआधी विचारा. रात्री मुलींजवळ कोणत्या बाई राहणार, शौचाची सोय कशी, निरोप कोणाकडे पाठवावयाचा. हे विचारणे आईबापांचा हक्क आहे, आणि चांगल्या गाइड कॅप्टनला त्याचा राग येत नाही. शक्य तर आईने एकदा पथक भरते तेव्हा जाऊन पाहावे.

मुलीस हाक मारली. तिने दप्तरातून संमतिपत्र काढले. बापास वाचता येत नाही. तो म्हणाला, "काय लिहिलंय ते सगळं वाच. गाळू नको." तिने कंदिलाजवळ बसून वरपासून खालपर्यंत वाचले; मुक्कामाचे ठिकाण, बरोबर येणाऱ्या दोन बाईंची नावे, खर्चाची रक्कम. रक्कम ऐकून आईने तोंड फिरविले, तरी मुलीने ती पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेवढीच सांगितली. बापाने माझ्याकडे पाहिले नाही, कागद माझ्याकडे ताडून पाहण्यास दिलाही नाही. अंगठा कोठे द्यावयाचा ते त्याने तिलाच विचारले.

लग्नाविषयी त्या रात्री काहीच ठरले नाही. फडावर जाण्याआधी आजीच्या घराचे दार नीट करून घ्यावयाचे आहे, असे तो निघताना म्हणाला.