कबुतर, मोहरीचं शेत आणि आपलं शुद्ध शाकाहारी ताट



आजचं वाचन : महाभारत, वनपर्व. कौशिक ब्राह्मण आणि धर्मव्याध यांचा संवाद.

गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल, तरी थोडक्यात सांगतो. कौशिक झाडाखाली वेद म्हणत बसलाय, वरून बगळीची विष्ठा अंगावर पडते. तो रागाने वर बघतो आणि बगळी मरून खाली पडते. पुढे भिक्षेला जातो तर घरची बाई नवऱ्याची सेवा आटपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवते. हा चिडतो. ती शांतपणे सांगते की महाराज, मी काही ती बगळी नाही. मग ती त्याला धर्म शिकायला मिथिलेला पाठवते, तेही एका मांस विकणाऱ्या व्याधाकडे!

हा व्याध स्वतः मारत नाही, स्वतः मांस खातही नाही. पण वडिलोपार्जित धंदा म्हणून विकतो. कौशिकाला ते घोर कर्म वाटतं. त्यावर तो जे बोलतो ते वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं. तो म्हणतो, शेती चांगली असं लोक मानतात, पण नांगर फिरतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात? चालताना पायाखाली किती जातात? धान्याच्या दाण्यातही जीवच आहे. मग या जगात हिंसा न करणारा नेमका कोण?

हे आजच काढायचं कारण म्हणजे पूर्व इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका ताईचा प्रश्न. ती रोज पहाटे हरिपाठ म्हणते. थंडी पडली की तिच्या घरामागच्या शेतातून दिवसभर धाड धाड आवाज येतात. काही आवाज गॅसवर चालणाऱ्या, फक्त भीती घालणाऱ्या तोफेचे, तर काही खऱ्या बंदुकीचे. शेताच्या कडेला जाळी लावून माणूस लपून बसतो, समोर प्लॅस्टिकची खोटी कबुतरं मांडतो आणि ती बघून खरी कबुतरं उतरायला लागली की गोळी घालतो. ताई विचारते, "दादा, आम्ही तर अंडंसुद्धा खात नाही. या पापाशी आपला काही संबंध नाही ना?"

आधी तिकडचं शेत समजून घेऊया. ही आपल्या पारव्याची जात नाही. वुडपिजन म्हणजे रानकबूतर, अंगाने मोठं, मानेवर पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये यांच्या सुमारे 50 लाख जोड्या आहेत. आणि पीक आहे ऑइलसीड रेप, मोहरीच्याच कुळातलं. ऑगस्टच्या शेवटाला पेरतात, मग अख्खा हिवाळा ते हिरवंगार उभं असतं. बाकी रानात दाणा संपलेला, जमीन गोठलेली, आणि मधोमध हे हिरवं ताट वाढून ठेवलेलं. जानेवारी-फेब्रुवारीत शेकडोंचे थवे उतरतात. पानं खाऊन नुसत्या शिरा ठेवतात, कोवळा शेंडाही खुडतात. रोप मेलं नाही तरी मागे पडतं, पीक एकसारखं पिकत नाही.

1970 च्या दशकानंतर हे पीक तिकडे भराभर वाढलं. त्याआधी ही कबुतरं हिवाळ्यात उपाशी मरायची. म्हणजे माणसानेच पंगत मांडली आणि पाहुणे आले म्हणून बंदूक काढली! हे वाचून मला हसू आलं आणि लगेच गेलंही. कारण ती पंगत मांडायला लावणारे आपणही आहोत. ब्रिटनच्या दुकानात 'व्हेजिटेबल ऑइल' लिहिलेली बाटली फिरवून मागचं लेबल वाचा, बहुतेक वेळा आत रेपसीडचंच तेल असतं. ताईच्या देवापुढच्या नैवेद्याची पुरी त्यातच तळली जाते.

तर ताई, संबंध आहे. धर्मव्याध हेच सांगतोय. शाकाहार सोडा असं तो म्हणत नाही, आणि मी तर मुळीच म्हणत नाही. शाकाहाराने हिंसा कमी होते हे खरंच आहे. पण "माझे हात स्वच्छ" हे वाक्य खरं नाही. आपण फक्त बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली आहे आणि वर त्याच्याकडे नाक मुरडून बघतोय. कौशिक व्याधाच्या दुकानासमोर उभा राहून अगदी तसाच बघत होता.

पण मग सगळं सारखंच का? कोणी म्हणेल, नांगराखाली किडे मरतात, मग कबुतरं मारली तर काय बिघडलं? हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि धर्मव्याधाच्या तोंडी तो घालणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. हिंसा अटळ आहे असं म्हणणारा हाच माणूस अहिंसेला मोठा धर्मही म्हणतो. अटळ आहे म्हणून मोकाट सोडायची असं नव्हे. उलट, म्हणूनच प्रत्येक वेळी हिशोब द्यायचा.

इंग्लंडच्या कायद्यातही असाच हिशोब मागितलाय. तिथे 1981 च्या कायद्याने रानपक्ष्यांना संरक्षण आहे. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला रानकबूतर मारता येतं, पण सरसकट परवान्याच्या अटींखाली. आधी हुसकावण्याचे उपाय करून बघावे लागतात. एप्रिल 2019 मध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर नॅचरल इंग्लंडने जुने सरसकट परवाने मागेच घेतले होते. शेतकरी भडकले, कारण पिकं तेव्हा शेतात उभी होती. नंतर नवे परवाने आले.

खरी गोची पुढे आहे. बंदूक धरणारा पुष्कळदा शेतकरी नसतोच. तो सुट्टीच्या दिवशी येणारा हौशी असतो. शेतकऱ्याला फुकट राखणदार मिळतो आणि त्याला खेळ. तो मारलेली कबुतरं बऱ्याचदा खातो किंवा विकतो, तेवढं तरी बरं. पण कागदावर कारण 'पीक संरक्षण' आणि मनात 'आज किती पडली'. आर. के. मर्टन या पक्षीतज्ज्ञाने 1960 च्या दशकात केंब्रिजशायरमध्ये अभ्यास करून दाखवलं होतं की हिवाळ्यातल्या शिकारीने यांची एकूण संख्या फारशी घटत नव्हती. जी गोळीने मेली नसती ती बरीचशी उपासमारीने मेलीच असती. शेतकरी म्हणेल, मला संख्येशी काय करायचंय, आज माझ्या शेतातून उठली म्हणजे झालं. त्याचं चूक नाही. पण मग उठवण्यापुरतं पुरे ना? ज्याला शंभर पडल्याचा आनंद होतो त्याने निदान स्वतःशी तरी 'पीक राखतोय' असं म्हणू नये. कर्म बाहेरून एकच दिसतं, पण भाव वेगळा असला की आतून ते वेगळंच असतं.

"मग मारूच नका, नुसती राखण करा" हे बोलायला सोपं. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळा बांधून, गोफण घेऊन पाखरं हाकतात. पण तिथे दिवसभर कोण बसतं? पुष्कळदा घरातलं पोर, शाळा बुडवून. इंग्लंडमध्येही एके काळी हेच होतं. शेतमजुरांची संघटना उभी करणारे जोसेफ आर्च वयाच्या नवव्या वर्षी शेतात पाखरं हाकायच्या कामाला लागले होते. पाखरं वाचायची, बालपण जायचं.

वनपर्वातच कबुतराची आणखी एक गोष्ट आहे. एका ठिकाणी राजा उशीनर आहे, दुसरीकडे त्याचा मुलगा शिबी. कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसतं, मागून ससाणा येतो. लहानपणी आपण राजाच्या त्यागावर टाळ्या वाजवतो, ससाण्याचं बोलणं विसरतो. तो म्हणतो, तू याला वाचवलंस तर मी उपाशी मरेन, माझी बायकामुलं मरतील, हा कसला धर्म? राजाकडे त्यावर उत्तर नसतं. तो तराजू मागवतो आणि स्वतःचं मांस कापून घालायला लागतो. दुसऱ्या कोणाचं नाही, स्वतःचं. आणि कबुतराचं पारडं काही केल्या वर येत नाही.

ताईच्या प्रश्नाशी मला हीच गोष्ट जोडावीशी वाटते. कबूतर वाचावं असं वाटत असेल तर तराजूत आपलं काय घालणार? शेतकऱ्याने पक्ष्यांसाठी शेताची एक पट्टी सोडली तर त्याचं नुकसान कोण भरणार? तेल महाग झालं तर चालेल का? कढईतलं उरलेलं तेल ओतून देताना हात थांबेल का? मी ही यादी लिहितोय खरी, पण यातलं काहीच त्या पारड्याला पुरणार नाही हेही दिसतंय. शिबीचंही पुरत नव्हतं, शेवटी तो स्वतःच पारड्यात बसला.

ताई, उद्या पहाटे आवाज आला तर हरिपाठ थांबवू नकोस. त्या माणसासाठीही म्हण आणि त्या कबुतरासाठीही.

उद्याचं वाचन : धर्मव्याध कौशिकाला घरात नेऊन आपले आईवडील दाखवतो, तो भाग.

राम कृष्ण हरी.