रूळ कुणाच्या मालकीचे?

मराठी साहित्याचा इतिहास आपण बहुधा नावांच्या यादीसारखा शिकतो. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले अशी नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येक जण एकट्याच्याच प्रतिभेवर उभा राहिला असावा, असा समज होऊन बसतो. या नावांच्या मागे पाहिलं की दरवेळी एक छोटा गट दिसतो. त्यात कुणी लिहिणारा असतो, कुणी टंकणारा, कुणी कागदाची सोय लावणारा, तर कुणी अंक पिशवीत घालून वाटत फिरणारा. आज अचलपूर-परतवाड्यासारख्या ठिकाणी मोबाइलवर लघुपट करणारी, गाणी रचणारी, वऱ्हाडी बोलीत संवाद लिहिणारी मुलं आहेत. अमरावती, नागपूर किंवा पुणे गाठल्याशिवाय आपल्याला कुणी विचारणार नाही, असं त्यांना वाटत राहतं. त्यांनी मित्रांच्या सोबतीनं स्वतःचं व्यासपीठ उभारावं का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. व्यासपीठाचं स्वातंत्र्य केवळ मनात येईल ते बोलता येण्यात नसतं. त्याची साधनं, त्याचा हिशोब आणि त्याचे वाचक-प्रेक्षक उभारणाऱ्यांच्या हातात असतील तरच ते टिकतं.

लघुनियतकालिकांच्या चळवळीकडे या नजरेनं पाहावं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत चित्रे, कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी काढलेलं ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेलं होतं. ही पद्धत आता नाहीशी झाली असली तरी समजून घेण्यासारखी आहे. टंकयंत्राची फीत बाजूला करून मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची. अक्षराच्या घावानं थर फाटतो आणि शाईला वाट होते. चूक झाली तर ती जागा दुरुस्तीच्या द्रावानं बुजवायची, वाळू द्यायची आणि पुन्हा ठोकायचं. मग स्टेन्सिल यंत्राच्या नळकांड्यावर ताणून बसवायची, हँडल फिरवून एकेक पान काढायचं, ओली शाई पुसू नये म्हणून जपून ठेवायचं, पानं लावायची आणि पिना मारायच्या. काही शे प्रतींनंतर अक्षरं फिसकटू लागत. या पद्धतीतून तीन गोष्टी आपोआप घडल्या. खर्च इतका कमी होता की मालकाची गरज उरली नाही. काम इतकं किचकट होतं की ते एकट्यानं होत नसे. आणि प्रती इतक्या मोजक्या की त्या कुणाच्या हातात पडणार हे काढणाऱ्यांना ठाऊक असे. पुढे १९६३ मध्ये अशोक शहाण्यांचं ‘असो’ आलं, मग ‘वाचा’, ‘आत्ता’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी रांग लागली. १९६९ मध्ये ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाच्या अंकाची होळी झाली आणि ती घटना सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण होळीपेक्षा महत्त्वाचं होतं ते पर्यायी छपाई आणि वाटपाचं काम. त्या कामातूनच शहाण्यांचं ‘प्रास प्रकाशन’ पुढे आलं आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी इंग्रजी कवितेसाठी ‘क्लिअरिंग हाउस’ काढून स्वतःची पुस्तकं स्वतः छापली होती. ‘जेजुरी’ त्यातलंच एक.

हे फक्त मुंबईसारख्या महानगरातच जमतं, असं म्हणणाऱ्यांनी कॅरिबियन बेटांकडे पाहावं. सेंट लुसिया हे दोन लाखांच्या आतल्या वस्तीचं बेट. अचलपूर शहरात २०११ च्या जनगणनेनुसार एक लाखाहून अधिक माणसं राहतात, तेव्हा आकाराचा अंदाज यावा. त्या बेटावर १९४८ मध्ये विशीही न गाठलेल्या डेरेक वॉलकॉटनं शाळेत शिकवणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या आईकडून पैसे घेतले, ‘ट्वेंटी फाइव्ह पोएम्स’ हे पुस्तक त्रिनिदादहून छापून आणलं आणि स्वतः फिरून विकलं. १९९२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मात्र त्याची गोष्ट एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगणं अपुरं आहे, कारण बार्बाडोसमध्ये १९४२ पासून निघणारं ‘बिम’ हे छोटं नियतकालिक आणि त्याचे संपादक फ्रँक कॉलिमोर नसते तर बेटाबेटांवर विखुरलेल्या लेखकांना एकमेकांची ओळखच झाली नसती. मार्टिनिकमध्ये एमे सेझेर, सुझान सेझेर आणि रने मेनिल यांनी १९४१ मध्ये ‘त्रोपिक’ काढलं. बेटावर तेव्हा फ्रान्सच्या व्हिशी राजवटीचा अंमल होता. कागद रेशनवर होता आणि तो देणं न देणं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होतं. १९४३ मध्ये त्यांनी हात आखडताच अंक थांबला आणि ती राजवट गेल्यावरच पुन्हा निघाला. लेखणी मोकळी असूनही कागद दुसऱ्याच्या हातात असला की काय होतं, याचा हा धडा आहे.

आपल्याकडे तर अशा वर्तुळाचा धडा आणखी जुना आहे आणि तो अमरावती जिल्ह्यातच गिरवला गेला. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर रिद्धपूर इथे त्यांची अनुयायी मंडळी जमली. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना म्हाइंभटांनी गाठलं, आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. महदाइसेचे ‘धवळे’ आणि केसोबासांचा ‘सूत्रपाठ’ याच वर्तुळातले. संस्कृतात लिहिलं तर साध्यासुध्या बायाबापड्या त्याला मुकतील, ही नागदेवाचार्यांची भूमिका आज संपादकीय धोरण म्हणून वाचता येते. आपला श्रोता कोण, हे त्यांनी आधी ठरवलं आणि भाषा त्यावरून ठरली. धाडीत मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा ज्यांच्या स्मरणात ती होती त्यांनीच ती पुन्हा जुळवली. पण पुढच्या काळात हेच साहित्य सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये बंद झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी त्या उलगडेपर्यंत बहुसंख्य मराठी वाचक त्याला पारखे राहिले. वर्तुळानं ग्रंथ वाचवला आणि वर्तुळानंच तो शतकानुशतकं बाहेरच्यांपासून दूर ठेवला. मित्रांच्या व्यासपीठाची ताकद आणि जोखीम या दोन्ही गोष्टी इथे एकत्र दिसतात.

यावर आजचा तरुण म्हणेल की आता कागद नको, छापखाना नको, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम फुकट आहेत, मग वेगळं व्यासपीठ कशाला? हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याचं उत्तर अचलपूरकरांच्या ओळखीचं आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी नॅरोगेज रेल्वेगाडी शकुंतला आपल्या शिवारातून धावली, तिनं आपला कापूस वाहिला, आपली माणसं नेली-आणली. तरी तिचे रूळ ब्रिटिश अमदानीत स्थापन झालेल्या खासगी कंपनीच्या मालकीचे होते आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या वापराचा मोबदला त्या कंपनीकडे जात राहिला. मार्गाची दुरुस्ती कुणी करायची आणि गाडी चालवायची की नाही, हे ठरवताना प्रवाशाला कुणी विचारलं नाही. आजचे फुकट मंच असेच आहेत. चित्रफीत आपली, बोली आपली, चेहरे आपले; पण ती कुणाला दिसणार हे ठरवणारं सूत्र आपलं नाही, आणि पाहणाऱ्यांची यादीही आपल्या हाती येत नाही. जून २०२० मध्ये देशात टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या कलावंत पोरापोरींनी जोडलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. प्रेक्षकाशी दुसरा कुठलाच धागा नव्हता, ही खरी हानी होती. मी हे मंच सोडा असं म्हणत नाही. सारंग साठ्ये आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘भाडिपा’नं यूट्यूबवरच मराठी प्रेक्षक जमवला, पण पुढे रंगमंचावर प्रत्यक्ष कार्यक्रमही केले. दुसऱ्याच्या रुळांवरून जरूर जावं, पण आपल्या पायवाटाही मोकळ्या ठेवाव्यात.

दुसरा आक्षेप असा की मित्रांचं व्यासपीठ म्हणजे कंपू, तिथे एकमेकांची पाठ थोपटण्यापलीकडे काही होत नाही. हा धोका खरा आहे. मात्र मैत्रीतच सर्वांत निर्भीड वाचक मिळतो, हेही तितकंच खरं. अनोळखी संपादक साभार परत पाठवून मोकळा होतो. मित्र मात्र कुठल्या ओळीत ढोंग शिरलंय ते तोंडावर सांगतो. पन्नासच्या दशकापासून लिहिणाऱ्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये यावा, हे उतावळ्या कंपूचं लक्षण खचितच नाही. कंपूचा खरा दोष वेगळा असतो: कोण आत नाही, याकडे त्याचं लक्षच जात नाही. लघुनियतकालिकांच्या संपादकांत स्त्रियांची नावं शोधावी लागतात, हे मान्य केलं पाहिजे. अचलपूरमध्ये हा दोष टाळायला वाव मोठा आहे. इथे मराठीच्या शेजारी उर्दू नांदते आणि मेळघाटातून येणारा कोरकू मुलगा त्याच बाकावर बसतो. त्यांना पाहुणे म्हणून बोलावून भागणार नाही. अंकात काय असावं हे ठरवताना ते बसलेले हवेत.

तिसरा आक्षेप आयुष्याचा. लघुनियतकालिकांचे अंक चार-सहा निघाले आणि बंद पडले, मग साधलं काय? यातल्या काहींचं आयुष्य लहान होतं हे खरं, पण त्यांनी घडवलेली माणसं आणि पुस्तकं मागे राहिली. शिवाय अल्पायुष्य हे काही स्वतंत्र व्यासपीठाचं अटळ प्राक्तन नाही. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून काढलेलं ‘अस्मितादर्श’ साठच्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास पाच दशकं चाललं. त्यांनी लेखकांइतकंच वाचकांना जपलं. लेखक-वाचक मेळावे ठिकठिकाणी भरवले आणि तिथे वाचक म्हणून आलेले अनेक जण लिहिते झाले. अंक टिकला तो या थेट नात्यामुळे.

चौथा प्रश्न संस्थांचा. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीतच स्थापन झाला. अशा जुन्या संस्था असताना नवी चूल कशासाठी? प्रस्थापित दारं बंदच असतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. बेलोऱ्यात जन्मलेल्या वसंत आबाजी डहाक्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता ‘सत्यकथे’तच प्रथम आली होती. पण संस्था आलेल्यातून निवड करते. अजून आकारालाच न आलेल्या गोष्टीला ती जागा देऊ शकत नाही. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये ‘धग’मधून वऱ्हाडी बोलीला कादंबरीत दुःखाचं बळ दिलं, तरी आजही मालिका-सिनेमांत ती बहुतेक हशापुरती वापरली जाते. या बोलीत विचार, प्रेम आणि राग कसा उतरतो ते आधी चार मित्रांत करून पाहावं लागेल, तीनदा फसावं लागेल. त्यानंतर संस्थेचं दार ठोठावण्यात काही कमीपणा नाही.

म्हणून ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पहिल्याच बैठकीत नाव, मूळ फाइली आणि हक्क कुणाचे, हे कागदावर लिहून घ्यावं; पैशावरून मैत्री तुटली की व्यासपीठही तुटतं. पाहणाऱ्या-वाचणाऱ्यांची स्वतःची यादी करावी, त्यांना वर्षातून दोनदा तरी शाळेच्या सभागृहात प्रत्यक्ष बोलवावं, तिकीट ठेवावं आणि जमाखर्च तिथेच वाचून दाखवावा. जे छापलं त्याची प्रत गावातल्या वाचनालयात आणि १९५४ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला ती शोधत वणवण करावी लागणार नाही. आणि उरलेली जबाबदारी आपली, वाचकांची आहे. गणपतीला, दुर्गादेवीला, सप्ताहाला वर्गणी देताना वऱ्हाडातलं कुठलंही घर मागे राहत नाही. आपल्याच गावच्या पोरांनी काढलेल्या अंकाची, केलेल्या चित्रपटाची वर्गणी त्याच हातानं आणि त्याच हक्कानं दिली, तर त्यांना कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागणार नाही. फुकट पाहून शाबासकी देणं सोपं आहे. त्यांचं स्वातंत्र्य टिकेल ते आपण पैसे मोजायला तयार झालो तरच.